वर गेलेली माणसे पडतच असतात

रविवार, ९ फेब्रुवारी २००३. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पिंपळवंडीच्या बाजारपेठेत ध्वनिक्षेपक सुरू झाला आणि शोकसभेला आरंभ झाला. पाच मिनिटांचा उशीर प्रमुख वक्त्यांमुळे झाला होता. त्यांना बोलवावे, असे तरुण मंडळाच्या मुलांना मीच सुचवले होते. निमंत्रणाचे पत्र माझ्या अक्षरात होते. सही तेवढी मंडळाच्या अध्यक्षाची.

त्या वक्त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. स्वतःचे नाव छापून आलेले त्यांना फार आवडत असे.

यंदाही माघ उतरणीला लागला आहे. सकाळी अंगावर शाल आणि दुपारी डोक्यावर टोपी, असे हे दोन आठवडे असतात. रांगडा कांदा उपटून शेतातच पातीखाली झाकलेला असतो; त्याचा उग्र वास वाटेने जाणाऱ्याच्याही कपड्यांत शिरतो. गव्हाच्या ओंबीत चीक भरतो. आंब्याखालची जमीन मोहराने चिकट होते. शाळांतून दहावीच्या प्रात्यक्षिकांची घाई असते, आणि स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही म्हणून कोणी ना कोणी बोट भाजून घेतेच. या ऋतूत इतरांना काय आठवते, मला ठाऊक नाही. मला एक मनुष्य आठवतो. तो हसत असतो.

तो हसला १९९७ साली, याच दिवसांत. तालुक्यातील शाळांचा विज्ञान मेळावा होता. मी एका हायस्कुलात विज्ञान शिकवीत असे. माझी मुलगी वैजयंता नववीत होती. प्रश्नमंजूषेच्या अखेरच्या फेरीत दोनच मुले उरली, त्यांत ती एक. परीक्षक म्हणून हे गृहस्थ आले होते. अंतराळ या विषयावर ते गावोगाव व्याख्याने देत. कोट, चित्रफितींचा पेटारा, आणि आवाज मात्र खरोखर चांगला. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला : यानातला अंतराळवीर तरंगतो, तो कशामुळे?

वैजयंता म्हणाली, "तो पडत असतो, सर. यानसुद्धा पडत असतं. दोघं बरोबरच पडतात, म्हणून तरंगल्यासारखं दिसतं."

ते हसले. ध्वनिक्षेपकात हसले. "अगं बाळ, पडत असता तर एव्हाना तुझ्या घराच्या कौलावर नसता का आला?"

मांडव हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मुले मांड्यांवर हात मारून हसली. हसणे थांबल्यावर त्यांनी उत्तर सांगितले : वर गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून माणूस तरंगतो. वैजयंता खाली उतरली नाही. तिने विचारले, "मग सर, चंद्राला कोण धरून ठेवतं?" ते म्हणाले, "ते वडिलांना विचार. ते मास्तर आहेत ना?"

मी दुसऱ्या रांगेत होतो. उभा राहिलो. "उत्तर बरोबर आहे," असे मोठ्याने म्हणालो. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "परीक्षकांचा निर्णय अंतिम." शेजारून मुख्याध्यापकांनी माझ्या सदऱ्याचे टोक धरले. मी बसलो.

त्या मुलीचे उत्तर बरोबर होते, हे येथे वेगळे सांगायला हवे, कारण आजही शिकलेली माणसे चूक करतात. यान जेथे फिरते तेथे पृथ्वीची ओढ जवळजवळ जमिनीइतकीच असते. यान पडतच असते. पण त्याला आडवा वेग इतका असतो, की ते जेवढे खाली येते तेवढीच पृथ्वी त्याच्याखालून वाकत जाते. ते पडत राहते आणि जमीन चुकत राहते. याहून अधिक त्यात काही नाही.

पुढे वर्षभर वर्गातली मुले तिच्या बाकासमोर मुद्दाम खडू टाकीत आणि विचारीत, "वैजे, बघ गं, पडला का तरंगला?" तिने कधी तक्रार केली नाही. प्रश्न विचारणे मात्र बंद केले. दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळाले, आणि अकरावीचा अर्ज तिने मला न विचारता वाणिज्य शाखेचा भरला. मी कारण विचारले नाही. मी त्या माणसाविषयी एकच गोष्ट ठरवली. ज्या आवाजात तो हसला त्याच आवाजात, लोकांसमोर, ध्वनिक्षेपकातून, त्याने म्हणावे की मुलीचे उत्तर बरोबर होते. क्षमायाचना नको, हारतुरा नको. ते एक वाक्य.

पिंपळवंडीच्या पेठेत हिराचंदशेठ यांचे बियाण्यांचे दुकान होते. त्यांचे आजोबा मारवाडातून आले. शेठजींचे मराठी मात्र माझ्या विद्यार्थ्यांहून शुद्ध. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर मी काळा रंग देऊन फळा केला आणि आत गल्ल्याशेजारी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. ज्याला आकाशाविषयी जे विचारायचे असेल त्याने चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावे. रविवारी सकाळी दहा वाजता मी फळ्यावर उत्तर लिहून ते वाचून दाखवीन. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या चिठ्ठ्या शेठजी लिहीत, शब्द न बदलता.

ते दिवस प्रश्नांना अनुकूल होते. खोडदच्या माळावर आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणींच्या प्रचंड छत्र्या उभ्या राहत होत्या. रोज सकाळी दूध घालायला जाणारा मनुष्य पाहतो, तर काल पूर्वेला पाहणारी छत्री आज पश्चिमेला पाहते आहे. आणि वारा सुटला की सगळ्या छत्र्या तोंड थेट आभाळाकडे करून बसतात. यावरून आमच्या लोकांनी ठाम निष्कर्ष काढला होता, की छत्र्यांनी वर बघितले की ढग फुटून जातात. प्रत्यक्षात ते उलटे होते. वादळी वारा येणार म्हणून छत्र्या उताण्या करून ब्रेक लावीत, वाऱ्याने मोडू नयेत यासाठी. मी हे चार रविवार समजावले. चौथ्या रविवारी एक शेतकरी म्हणाला, "गुरुजी, तुमचं बराबर आसंल. पन त्यास्नी सांगा, येकदा पावसाळ्यात उलट्या करून बघा म्हनावं. न्हाई पडला पाऊस तर आमी गप बसतो."

डब्यात काय नसे! चंद्रावर सातबारा निघतो का? वर गेलेल्या माणसाची दाढी वाढते का? तिथे एकादशी कोणत्या दिवशी धरायची, सूर्य तर दिवसातून सोळा वेळा उगवतो म्हणतात? बिबट्याला यानात नेला तर तो धरील कशाला, जमीनच नाही? लघवीचा प्रश्न दर महिन्याला येई, प्रत्येक वेळी निराळ्या अक्षरात. मी प्रत्येकाचे उत्तर दिले. ज्याचे ठाऊक नव्हते त्यापुढे "ठाऊक नाही; पाहून सांगतो" असे लिहिले, आणि पुढच्या रविवारी पाहून सांगितले.

भिवाभाऊ दर रविवारी दुकानाच्या पायरीवर बसलेला असे. विहिरी खोदणारा मनुष्य. विहिरीतला दगडगाळ वर ओढण्याच्या यंत्राला आमच्याकडे यारी म्हणतात, ती यारी तो चालवी. वर्षानुवर्षे त्याने एकच प्रश्न विचारला.

"गुरुजी, वर गेल्याव तमाकू थुकायची कुठं?"

"थुंकायची नाही. थुंकली तर ती तोंडासमोर तरंगत राहील."

"आन् मंग?"

"मग परत तोंडात घ्यावी लागेल."

"लई अवगड हाय राव. आपलं न्हाई जमायचं." पेठ हसे. मी हसत नसे.

लोक म्हणत, गुरुजींनी ज्ञानाचे व्रत घेतले आहे. एकदा ग्रामपंचायतीने मला श्रीफळही दिले. मी ते घेतले आणि काही बोललो नाही. खरे असे, की मी साक्षीदार तयार करीत होतो. कोणताही प्रश्न आला तरी महिन्यातून एकदा मी उत्तर त्या एका गोष्टीपाशी आणीत असे : वर गेलेला मनुष्य पडत असतो. पोरांकडून ते पाठ करून घेतले. भाजी विकणाऱ्या बायकांना समजावले, बटाट्याला दोरी बांधून फिरवून दाखवले. एका माणसाच्या हसण्यावर उत्तर म्हणून मी एक आख्खी बाजारपेठ शिकवली. द्वेषाने शिकवलेलेही ज्ञानच असते. त्यात चूक शिरू नये याची काळजी उलट अधिक घेतली जाते.

१ फेब्रुवारी २००३ रोजी संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. सोळा दिवस वर राहून परतणारे यान आकाशातच तुटले. सातजण गेले. त्यांत आपल्याकडे जन्मलेली एक बाई होती. निळ्या आभाळात पांढऱ्या रेघा फुटत जाताना पुन्हा पुन्हा दाखवीत होते. दुसऱ्या दिवशी रविवार. डबा उघडला तर झाकण वर येईल इतक्या चिठ्ठ्या. जवळजवळ सगळ्यांत एकच प्रश्न, आणि शेठजींच्या अक्षरात सगळ्यांत वरची चिठ्ठी भाजीवाल्या ठकूबाईंची होती : "वर तर वजन नसतं म्हणतात. मग लेक पडली कशी?"

'म्हणतात.' हे कोण म्हणते, ते मला ठाऊक होते. त्यांची व्याख्याने अजून चालू होती.

मी त्या रविवारी फळ्यावर काही लिहिले नाही. म्हणालो, "याचे उत्तर पुढच्या रविवारी, शोकसभेत." तरुण मंडळ सभा घेणार होते. वक्ता कोण, हे ठरायचे होते. ते मी ठरवले.

सभेच्या सकाळी हिराचंदशेठ मला दुकानाच्या मागच्या बाजूस घेऊन गेले. त्यांना सगळे ठाऊक होते. ते म्हणाले, "गुरुजी, आज नको. आज त्या बाईचा दिवस आहे. त्यांना दुसऱ्या कशाला तरी बोलवू, मी खर्च करतो. आज नको."

मी म्हणालो, "आजच."

"मग मी समोर बसणार नाही," ते म्हणाले, आणि खरोखर बसले नाहीत. शटर अर्धे ओढून आत बियाण्यांच्या पिशव्या लावीत राहिले. त्यांचे बरोबर होते. हे मी तेव्हाही मानले.

सभेला गाव लोटले होते. त्या बाईचे वर्तमानपत्रातले छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटवून त्याला झेंडूचा हार घातला होता. वक्ते अर्धा तास बोलले. ताऱ्यांनी तिला आपल्यात घेतले, आकाशाने आपली कन्या परत मागितली, वगैरे. बायका रडत होत्या. मग मी उठलो आणि सांगितले, की रविवारचा आपला शिरस्ता आहे, दहानंतर प्रश्न. पाहुणे जाणकार आहेत, तेच उत्तरे देतील. त्यांनी प्रसन्नपणे मान डोलावली.

ठकूबाई उठल्या. "सायेब, वर वजन न्हाई म्हनता. मंग पोर पडली कशी?"

"चांगला प्रश्न आहे आजी. वर गुरुत्वाकर्षण नसते. यान परत येताना पृथ्वीच्या ओढीत शिरले—"

"न्हाई सायेब." पायरीवरून आवाज आला. भिवाभाऊ उभा राहिला होता. हातातली तंबाखू त्याने खिशात ठेवली. "ती वर व्हती तवाबी पडतच व्हती."

"अहो, मी सांगतो ना—" वक्ते म्हणाले.

"आयका जरा. मी पडल्यालो हाय. औंदा न्हाई, चार वर्सांमागं. हिरीत उतरत व्हतो, यारीचा ब्रेक सुटला आन् पाळन्यासकट चाळीस फूट खाली. तळाला छातीइतकं पानी व्हतं म्हनून तुमच्याफुडं उभा हाय. पन पडताना काय झालं ठावं हाय का? हातात पहार व्हती, धा किलूची. ती हलकी झाली. सोडली, तर जाग्यावर ऱ्हायली. माझ्या नाकाम्होरं! म्या बी पडतोय, पहार बी पडतीया, पाळना बी पडतोय, कुनाचंच कुनावर वजन न्हाई. तवा मला कळलं, गुरुजी फळ्याव काय लिवत्यात. तिला सोळा दिस आसंच झालं. मला झालं निमिषभर."

हे मला त्याने कधी सांगितले नव्हते. चार वर्षे तो पायरीवर बसून तंबाखूचे विचारीत होता.

कोणी हसले नाही. ठकूबाई म्हणाल्या, "मंग जळली कशापायी?" आणि पुढे बसलेली पोरे एका सुरात सांगू लागली, की आडवा वेग होता तो उतरताना मोडावा लागतो, हवेवर घासून मोडतात, त्याची आग होते, यानाला त्या आगीपासूनचे कवच असते, ते कुठेतरी कमी पडले असणार. पाठ केल्यासारखे सांगत होती, आणि सांगता सांगता एक मुलगी रडू लागली. कारण पाठ केलेल्या गोष्टीचा अर्थ तिला त्या क्षणी लागला होता. ते मी पाहिले. थांबलो नाही.

ध्वनिक्षेपक मी हातात घेतला. वक्त्यांना म्हणालो, "१९९७ साली विज्ञान मेळाव्यात आपण परीक्षक होता. नववीतल्या एका मुलीने हेच उत्तर दिले होते. आपण हसला होता. तिचे उत्तर बरोबर होते की चूक, एवढे या लोकांना सांगावे."

आणि ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. कपाळाला आठी पडली. मी सहा वर्षे त्या चेहऱ्यावर भय यावे, निदान लाज यावी, असे योजले होते. चेहऱ्यावर फक्त आठवण्याचा प्रयत्न होता. "मेळावे फार झाले हो," ते म्हणाले. "मला काही आठवत नाही. पण मुलीने असे सांगितले असेल, तर मुलीचे उत्तर बरोबर होते."

ते वाक्य. शब्दशः. ध्वनिक्षेपकातून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत; शोकसभा होती. वक्ते चहा न घेता गेले. पुढच्या माघात कोणी त्यांना आमच्या बाजूला बोलावले नाही, त्यापुढच्यातही नाही. त्याचे मला समाधान वाटले, अजून वाटते. विसरणे ही त्यांची पहिलीपेक्षा मोठी चूक होती, असे माझे मत आहे. ज्यांनी खडू टाकले त्या पोरांनाही एवढे तरी लक्षात राहिले होते.

सभा उठल्यावर मी दुकानात जाऊन शेठजींच्या फोनवरून मंचरला फोन लावला. वैजयंता आदल्या वर्षी लग्न होऊन तेथे गेली होती.

"त्याने कबूल केले," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर. उत्तर बरोबर होते म्हणाला."

"कोणी? काय?" मग तिला कळले. फोनवर महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. "आप्पा, तुम्ही हे आज केलंत? त्या बाईच्या सभेत?"

"हो."

"बरोबर होतं ते मला तेव्हाच ठाऊक होतं. त्याच्याकडून मला काय हवं होतं? तो कोण होता माझा? तुम्ही खाली का बसलात, ते सांगा. तो हसला त्याचं मला काही नाही. तुम्ही उभे राहिलात आणि मग बसलात."

शेठजी माझ्याकडे पाठ करून मापट्याने मेथीचे बी भरीत होते. मी म्हणालो, "येऊन सांगतो." प्रश्नाचे उत्तर समोर उभे राहून द्यायचे असते, हे मी सहा वर्षे लोकांना दाखवत आलो होतो.

नारायणगावला गाडी बदलून मंचरला पोहोचेपर्यंत साडेचार झाले. बाजार समितीच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रकांची रांग होती आणि सालपटे वाऱ्याने पायांभोवती फिरत होती. जावई कामावर गेले होते. वैजयंताने दार उघडले, पाणी दिले, आणि उभी राहिली. मीही बसलो नाही.

"जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा भरायची होती," मी म्हणालो. "तो मनुष्य शाळेच्या संस्थेतल्या लोकांत उठणारा-बसणारा. मुख्याध्यापकांनी सदरा ओढला तो त्यासाठी. मी भ्यालो."

"आणि जागा?"

"मिळाली."

"हं," ती म्हणाली. "सहा वर्षं लावलीत, आप्पा. चिठ्ठी डब्यात टाकली असती तर पुढच्या रविवारी मिळालं असतं उत्तर."

तिने मला क्षमा केली असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले नाही, आणि पुढेही कधी दिसले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही कोणाला केलेली नाही. ती माझी मुलगी आहे.

बाहेर बायकांची भांडी वाजली. नळाला पाणी आले होते. ती कळशी उचलू लागली, तेव्हा तिच्या हातून ती मी घेतली. चाळीतल्या नळावर माझ्यापुढे चौघी होत्या. त्यांनी म्हातारा पाहून पुढे जायला सांगितले. मी रांगेतच उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर तिचे दोन हंडे, कळशी आणि मोरीतले पिंप भरले, आणि पिंपावर झाकण ठेवले.